जीन्स

जीन्स : जाड व तिरकस विणीच्या सुती कापडाची, दुहेरी शिवणीची आणि ताण पडणाऱ्या ठिकाणी धातूचे रिव्हेट ठोकलेली विजार. तिच्या कापडास डेनिम म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम भागातील खाणकामगार, लाकूडतोडे व गुराखी यांच्या वापरासाठी ती तयार झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिने वय, लिंग, वर्ग व देश यांच्या मर्यादा ओलांडल्या. सरदार-श्रीमंतांची वेशभूषा हळूहळू खालच्या थरांत झिरपल्याची उदाहरणे पोशाखाच्या इतिहासात पुष्कळ सापडतात. कष्टकऱ्यांचे वस्त्र वरच्या थरांत जाऊन तेथे कायमचे रुजल्याचे इतके ठळक उदाहरण दुसरे क्वचितच असेल. झिजलेले व विटलेले दिसणे हा दोष न ठरता गुण ठरावा, ही गोष्टही या वस्त्राच्या बाबतीत विशेष आहे. ती कापडाच्या विणीतून व रंगातून उद्भवली, आणि पुढे तिचीच मोठी किंमत द्यावी लागली.

नाव व व्युत्पत्ती : जीन व डेनिम ही मुळात दोन निराळ्या कापडांची नावे होत. जीन हा शब्द इटलीतील जेनोआ बंदराच्या जुन्या फ्रेंच नावावरून आला, असे सामान्यतः मानतात. या बंदरातून जाड व स्वस्त कापड यूरोपभर जात असे. सतराव्या शतकातील उत्तर इटलीच्या एका अज्ञात चित्रकाराच्या चित्रांत निळ्या, फाटक्या कपड्यांतील गरीब स्त्रिया व मुले दिसतात. कापडाच्या फाटलेल्या कडांतून पांढरे सूत डोकावताना त्याने दाखविले आहे. यावरून अलीकडील कलासमीक्षक त्याला 'निळ्या जीनचा चित्रकार' या नावाने ओळखू लागले. डेनिम हे नाव दक्षिण फ्रान्समधील नीम शहराच्या 'सर्ज द नीम' या कापडावरून पडले, ही व्युत्पत्ती बहुतेक ग्रंथांत आढळते. पण नीमचे सर्ज लोकर व रेशीम यांचे असे, डेनिम मात्र सुती आहे. तेव्हा इंग्लंडमधील विणकरांनी आपल्या सुती मालाला भारदस्त फ्रेंच नाव दिले असावे, असाही तर्क केला जातो. अमेरिकेत ही दोन्ही कापडे शेजारीशेजारी विकली जात. जीनमध्ये ताणा व बाणा या दोहोंचे सूत एकाच रंगाचे असे. डेनिममध्ये ताण्याचे सूत रंगीत व बाण्याचे पांढरे असे. पुढे विजारीला एकाचे नाव चिकटले व कापडाला दुसऱ्याचे राहिले.

याच कुळातील तिसरे नाव 'डंगरी'. ते सतराव्या शतकापासून इंग्रजीत आढळते आणि मुंबईतील डोंगरी या भागावरून पडले, असे मानतात. तेथे विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड शिडे, तंबू व खलाशांचे कपडे यांसाठी वापरीत. खांद्यावरून पट्टे घेतलेल्या, छाती झाकणाऱ्या कामाच्या पोशाखासही इंग्रजीत हेच नाव मिळाले आणि यंत्रशाळेतील कामगारांच्या कपड्याचे नाव म्हणून ते हिंदुस्थानात परत आले. मराठीत 'जीन' हा शब्द जीन्सच्या आगमनापूर्वीपासून रूढ होता. शाळकरी मुलांच्या खाकी व पांढऱ्या विजारी ज्या जाड कापडाच्या शिवीत, त्याला जीन म्हणत. खोगीर या अर्थाचा जीन हा फार्सी शब्द मात्र यांहून वेगळा आहे.

कापड व रंग : साध्या विणीत ताण्याचा प्रत्येक उभा धागा बाण्याच्या एका आडव्या धाग्यावरून व पुढच्या धाग्याखालून जातो. डेनिमची वीण ट्विल प्रकारची असून तीत ताण्याचा धागा बहुधा तीन धाग्यांवरून व एका धाग्याखालून जातो. शेजारच्या धाग्यात हाच क्रम एका घराने पुढे सरकतो. त्यामुळे कापडावर तिरप्या रेषा उमटतात, धागे अधिक दाट बसविता येतात व कापड चिवट होते. ताण्याचे निळे सूत दर्शनी बाजूस जास्त दिसते आणि बाण्याचे पांढरे सूत आतल्या बाजूस राहते. जीन्सचा पाय दुमडला असता आतून पांढरट बाजू दिसते, ती यामुळेच.

रंगाची प्रक्रिया याहून उद्‌बोधक आहे. नीळ पाण्यात अविद्राव्य आहे. ती तशीच सुतावर चढत नाही. अल्कली व क्षपणकारक पदार्थ (सध्या सामान्यतः सोडियम डायथायोनाइट) यांच्या साहाय्याने तिचे पिवळसर हिरव्या विद्रावात रूपांतर करतात. सुताचे शेकडो धागे एकत्र करून त्यांचा दोर बनवितात व तो या विद्रावात बुडवून, पिळून हवेत उंच फिरवितात. हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होताच निळीचा मूळ अविद्राव्य रेणू पुन्हा तयार होतो आणि पिवळसर दोर पाहता पाहता निळा होतो. हवी तितकी गडद छटा येईपर्यंत बुडविण्याची व हवेत धरण्याची ही क्रिया सहा-आठ वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा करावी लागते. या घाईच्या बुडवणीत नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. धाग्याच्या छेदात पाहिले, तर पांढऱ्या गाभ्याभोवती निळे कडे दिसते. शिवाय नीळ कापसाच्या तंतूशी रासायनिक बंधाने जोडली जात नाही, ती केवळ अडकून राहते. घर्षण झाले की बाहेरचे निळे कण सुटतात व आतला पांढरा गाभा उघडा पडतो. [⟶ नीळ].

रंगाऱ्याच्या दृष्टीने हा दोष होय. घासल्यावर निघणाऱ्या रंगाला तो कच्चा म्हणतो. जीन्सची सारी प्रतिष्ठा याच कच्चेपणावर उभी आहे. बसताना मांडीवर पडणाऱ्या सुरकुत्या, गुडघ्याचा फुगवटा, खिशात नेहमी एकाच जागी ठेवलेले पाकीट किंवा घड्याळ, जमिनीशी घासणारी खालची कड या सर्वांच्या खुणा कापडावर पांढऱ्या रेषांनी व डागांनी उमटत जातात. दोन वर्षे वापरलेल्या दोन जीन्स एकसारख्या नसतात. अंगावरच्या कपड्यात परिधान करणाऱ्याच्या हालचालींची इतकी स्पष्ट नोंद दुसऱ्या कोणत्याही रंगात व कापडात क्वचितच राहते.

निळीचा पूर्वेतिहास : उत्तर अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना वसाहतीत १७४० च्या दशकात एलायझा लूकास पिंकनी (१७२२–९३) हिच्या प्रयोगांमुळे निळीची लागवड यशस्वी झाली. तीमागील श्रम व पुष्कळसे कसब आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्यानंतर ही बाजारपेठ हातची गेली आणि एकोणिसाव्या शतकात बंगाल व बिहार हे निळीचे प्रमुख उत्पादक बनले. मळेवाल्यांच्या जुलमाविरुद्ध बंगालच्या रयतेने १८५९-६० मध्ये उठाव केला. दीनबंधू मित्र यांचे नीलदर्पण हे नाटक (१८६०) त्याच काळातील आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फोन बायर (१८३५–१९१७) यांनी निळीचे संश्लेषण केले व तिच्या रेणूची संरचनाही निश्चित केली. १८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली, तेव्हा हिंदुस्थानातील लागवड झपाट्याने घटली. पहिल्या महायुद्धात जर्मन मालाचा पुरवठा तुटल्याने नैसर्गिक निळीला काही काळ पुन्हा भाव आला. चंपारणमधील १९१७ च्या चळवळीची ही पार्श्वभूमी होय. आज डेनिमसाठी लागणारी जवळजवळ सर्व नीळ कृत्रिम असते.

उगम : लेव्ही स्ट्रॉस (१८२९–१९०२) हा बव्हेरियातील बुटनहाइम गावी जन्मलेला ज्यू व्यापारी. तो १८४७ मध्ये न्यूयॉर्कला आला व १८५३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे कापडचोपडाचा घाऊक व्यापार करू लागला. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांसाठी त्याने तंबूच्या कापडाच्या विजारी शिवल्या, ही कथा फार लोकप्रिय आहे. तिला आधार मात्र नाही. जीन्सची खरी कल्पना नेव्हाडा राज्यातील रीनो येथील जेकब डेव्हिस (१८३१–१९०८) या शिंप्याची. मूळचा रीगाचा हा शिंपी घोड्यांच्या झुली, तंबू इ. शिवीत असे आणि झुलींचे पट्टे पक्के करण्यासाठी तांब्याचे रिव्हेट वापरीत असे. एका लाकूडतोड्याच्या बायकोने आपल्या नवऱ्यासाठी न उसवणारी विजार मागितली, तेव्हा खिशांच्या कोपऱ्यांवर तेच रिव्हेट ठोकण्याची युक्ती त्याला सुचली. या विजारींना मागणी वाढताच त्याने १८७२ मध्ये कापड पुरविणाऱ्या स्ट्रॉसला पत्र लिहून एकस्वाचा (पेटंटचा) खर्च करण्याची व भागीदारीची सूचना केली. २० मे १८७३ रोजी खिशांची तोंडे मजबूत करण्याच्या सुधारणेबद्दल क्र. १,३९,१२१ चे एकस्व मिळाले. ही तारीख जीन्सचा जन्मदिवस म्हणून सांगण्यात येते. डेव्हिस सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन उत्पादनावर देखरेख करू लागला. त्याचे नाव मात्र मालावर कधी आले नाही.

सुरुवातीचे डेनिम न्यू हँपशर राज्यातील अमॉस्केग गिरणीतून येई. विजारीला तेव्हा जीन्स म्हणत नसत, 'कमरेपर्यंतचे ओव्हरऑल' असे तिचे व्यापारी नाव होते. दोन घोडे विजार ओढून फाडण्याचा प्रयत्न करीत आहेत, असे चित्र असलेला चामड्याचा तुकडा १८८६ पासून कमरेमागे शिवला जाऊ लागला. ज्यांना इंग्रजी वाचता येत नसे, त्यांना माल ओळखण्यास तो उपयोगी पडे. १८९० मध्ये एकस्वाची मुदत संपली व इतर उत्पादकांना मार्ग मोकळा झाला. त्याच सुमारास विजारीला ५०१ हा क्रमांक मिळाला. हाच क्रमांक का, हे सांगता येत नाही, कारण कंपनीची जुनी दप्तरे १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाली. रिव्हेटांचा त्रासही होता. मागच्या खिशांवरील रिव्हेट खोगिरावर व खुर्च्यांवर ओरखडे काढीत. म्हणून १९३७ मध्ये ते कापडाखाली झाकण्यात आले व १९६६ मध्ये काढूनच टाकण्यात आले.

प्रसार : कामाच्या कपड्याचे हौसेच्या कपड्यात रूपांतर होण्यास प्रारंभ झाला, तो पर्यटनामुळे. १९३० च्या सुमारास पूर्वेकडील सुखवस्तू अमेरिकन कुटुंबे सुटीत पश्चिमेकडील कुरणांवर राहण्यास जाऊ लागली. गुराख्यांचे जीवन चार दिवस अनुभवण्यासाठी पैसे मोजणाऱ्या या पाहुण्यांसाठी मालकांनी वसतिगृहे उघडली होती. पाहुणे तेथे जीन्स वापरीत व परतताना घरी नेत. गुराखीपटांनीही या वेषाला वलय प्राप्त करून दिले. स्त्रियांसाठी खास जीन्स १९३४ मध्ये निघाली. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांनी आणि परदेशी गेलेल्या सैनिकांनी तिचा प्रसार आणखी वाढविला. लेव्हायप्रमाणेच ली व रँग्लर या अमेरिकन नाममुद्राही याच काळात प्रस्थापित झाल्या.

द वाइल्ड वन (१९५३) मधील मार्लन ब्रँडो व रेबेल विदाउट अ कॉज (१९५५) मधील जेम्स डीन यांच्यामुळे जीन्स ही बंडखोर तरुणांची खूण ठरली. अमेरिकेतील अनेक शाळांनी तिला मज्जाव केला. अशा मनाईने मागणी कमी होत नाही, याचा प्रत्यय तेव्हापासून अनेक देशांना आला आहे. १९६० च्या दशकात दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी झटणारे विद्यार्थी कार्यकर्ते मुद्दाम डेनिमचे कपडे घालीत. ज्या कुळांत ते काम करीत, त्यांचा तो रोजचा पोशाख होता. याच डेनिमला हिप्पींनी भरतकाम व ठिगळे यांनी सजविले. पूर्व जर्मनीत शाळांमधून 'रिव्हेटच्या विजारीं'ना प्रवेश नसे. पुढे तेथील सरकारनेच १९७८ मध्ये अमेरिकन जीन्स आयात करून विकल्या. सोव्हिएट संघात परकीय पर्यटकांकडून मिळविलेल्या जीन्सचा काळा बाजार चाले.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेशकारांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या, घट्ट व महाग जीन्सचा जमाना सुरू झाला. कॅल्व्हिन क्लाइन यांच्याबरोबरच ग्लोरिया व्हँडरबिल्ट यांच्या नावाच्या जीन्स त्यांत प्रमुख होत्या. या दुसऱ्या नाममुद्रेमागे मोहन मुरजानी हे भारतीय वंशाचे उद्योजक होते. मागच्या खिशावरील नाव हा यानंतर किमतीचा मोठा भाग बनला.

भारतात : परदेशी प्रवाशांच्या अंगावरील जीन्स येथे १९६० नंतर दिसू लागली. गोव्यातील हणजूणच्या किनाऱ्यावर परतीच्या वाटेवरील हिप्पी जीन्स, कॅमेरे यांसारखे आपले सामान विकीत व त्यातूनच तेथील आठवड्याचा बाजार वाढला. अहमदाबादच्या अरविंद मिल्सने १९८० मध्ये फ्लाइंग मशीन ही नाममुद्रा काढली. यंत्रमागांच्या स्पर्धेमुळे जुन्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या. मुंबईत तर १९८२ च्या संपानंतर हा धंदा सावरलाच नाही. त्या काळात या गिरणीने डेनिमच्या उत्पादनाकडे मोहरा वळविला आणि पुढे जगातील मोठ्या उत्पादकांत स्थान मिळविले. तिने १९९५ मध्ये बाजारात आणलेला 'रफ अँड टफ' हा प्रकार येथील परिस्थितीस अनुरूप होता. कापड, चेन, रिव्हेट, गुंडी व नावाची पट्टी असा संच दोनशे रुपयांच्या आत मिळे आणि गिऱ्हाइकाने तो गावच्या शिंप्याकडून शिवून घ्यावा, अशी योजना होती. तयार कपडे परवडत नाहीत आणि शिंपी मात्र गल्लोगल्ली आहे, अशा समाजात जीन्स पोहोचली ती या मार्गाने. कापूस पिकविणाऱ्या विदर्भात यवतमाळनजीक लोहारा येथे रेमंड समूहाची डेनिमची गिरणी १९९० नंतरच्या दशकात उभी राहिली. शिवणकामात फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून वाढलेल्या उल्हासनगरचे नाव प्रसिद्ध आहे. मुंबईच्या व परगावच्या बाजारांत जाणारा स्वस्त माल तेथील लहान कारखान्यांत तयार होतो.

मनाईहुकूम येथेही निघाले. उत्तर भारतातील काही जातपंचायतींनी मुलींना जीन्स घालण्यास बंदी केली, तिला कायद्याचा कसलाही आधार नव्हता. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांना कार्यालयात जीन्स व टी-शर्ट घालू नयेत असे सांगितले; काही महिन्यांतच जीन्सपुरती ही अट मागे घेतली गेली. शाळेतून घालवून दिलेल्या विजारीला सरकारी कचेरीत बसण्याची मुभा मिळण्यास सु. पासष्ट वर्षे लागली, असे म्हणण्यास हरकत नाही.

जुनेपणाचे उत्पादन : मुळात नवी जीन्स ताठ, खळ दिलेली व गडद निळी असे. ती अंगाला बसण्यास काही आठवडे व विटण्यास काही वर्षे लागत. १९७० च्या दशकात तरुणांना पसंत पडू लागली ती जुनी, मऊ व विटलेली जीन्स. मग कारखान्यांनी हा काळ विकत देण्यास प्रारंभ केला. शिवलेल्या जीन्स व प्युमिस हा सच्छिद्र ज्वालामुखी दगड मोठ्या फिरत्या पिंपांत एकत्र घालून धुतल्या, म्हणजे काही तासांत वर्षांची झीज होते. या 'दगडी धुलाई'च्या शोधाचे श्रेय फ्रान्स, जपान व कॅनडा येथील निरनिराळ्या उत्पादकांना दिले जाते. दगडांनी पिंपे झिजत व त्यांचा चुरा नाल्यांत साचे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून सेल्युलेज हे एंझाइम वापरात आले. ते सुताच्या पृष्ठभागावरील सेल्युलोज किंचित कुरतडते आणि त्याबरोबर नीळही सुटते. ठराविक जागी पांढरा डाग हवा असल्यास सँडपेपरने घासतात किंवा पोटॅशियम परमँगॅनेटचा फवारा मारतात. मांडीवरील सुरकुत्या, गुडघ्यामागील जाळी, भोके व ठिगळे या सर्वांचे नमुने ठरलेले असतात. हजारो जीन्सवर अगदी एकसारखी झीज दिसते, ती त्यामुळे. ज्या खुणा मुळात एकाच माणसाच्या चालण्या-बसण्याच्या असत, त्या आता रोजंदारीवरील कामगार उमटवितो.

त्याची सर्वांत मोठी किंमत तुर्कस्तानात मोजली गेली. दाबयुक्त हवेने वाळूचा झोत मारून डेनिम विटविण्याची पद्धत स्वस्त होती, तिला फारशी यंत्रसामग्री लागत नसे. इस्तंबूलच्या तळघरांतील, हवा न खेळणाऱ्या लहान कार्यशाळांत देशाच्या पूर्व भागातील गरीब प्रांतांतून आलेली तरुण मुले हे काम करीत व पुष्कळदा तेथेच झोपत. वाळूतील सिलिकेची बारीक धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस हा असाध्य विकार जडतो. खाणकामगारांत तो बहुधा बऱ्याच वर्षांच्या कामानंतर दिसतो. या मुलांना तो थोड्या वर्षांतच झाला. तुर्की डॉक्टरांनी २००५ च्या सुमारास अशा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. एकाच गावातील अनेक तरुण या रोगाने ग्रस्त असल्याचे पुढे उघड झाले. कामगार, डॉक्टर व वकील यांच्या चळवळीनंतर तुर्कस्तान सरकारने २००९ मध्ये या पद्धतीवर बंदी घातली व पुढील वर्षी काही मोठ्या कंपन्यांनीही आपल्या मालासाठी ती बंद केल्याचे जाहीर केले. काम मात्र काही अंशी बंदी नसलेल्या देशांकडे वळले. बिघडलेली फुप्फुसे सुधारण्याचा उपाय अद्याप नाही.

धुलाईचे पाणी हा दुसरा प्रश्न. त्यात नीळ, खळ, विरंजके व क्षार असतात. उल्हासनगरच्या मध्यातून वाहणाऱ्या वालधुनी नदीत जीन्स धुणाऱ्या घटकांचे रंगीत पाणी इतर औद्योगिक व घरगुती सांडपाण्याबरोबर जात असे. वालधुनी व उल्हास या नद्यांच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला आणि पुढे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कारवाईत तेथील अनेक धुलाई घटक बंद झाले. नदीला त्याने दिलासा मिळाला, परंतु या घटकांतील मजुरांचा रोजगार बुडाला. सामुदायिक शुद्धीकरण केंद्राचा खर्च एकट्याला न पेलणाऱ्या लहान उद्योगांचा हा सर्वत्रचा पेच आहे. पाण्याचा विचार केवळ धुलाईपुरता करून मात्र चालत नाही. लेव्ही स्ट्रॉस कंपनीने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशोबानुसार एका जीन्सच्या संपूर्ण आयुष्यात ३,७८१ लिटर पाणी लागते. त्यापैकी सु. ६८ टक्के कापूस पिकविण्यात व सु. २३ टक्के घरी धुण्यात खर्च होते. अलीकडे लेसर किरणांनी निळीचा थर जाळून व ओझोन वायूने रंग उतरवून पाणी वाचविण्याची यंत्रे आली आहेत. ती भांडवली खर्चाची असल्याने मोठ्या कारखान्यांपुरतीच मर्यादित आहेत.

जपान व जुन्या जीन्सचा छंद : याच्या अगदी उलट वाट जपानने धरली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांच्या वापरलेल्या जीन्स टोकिओतील जुन्या बाजारात विकल्या जात. ओकायामा प्रांतातील कोजिमा हे गाव शाळकरी गणवेशांसाठी प्रसिद्ध होते. तेथे १९६५ मध्ये अमेरिकन कापड आणून जीन्स शिवण्यास प्रारंभ झाला. १९७३ पर्यंत सूत, रंग व वीण सर्वस्वी जपानी असलेले डेनिम तयार होऊ लागले. १९८० नंतर काही जपानी उत्पादकांनी अमेरिकेतील जुन्या जीन्सचे धागेदोरे उसवून अभ्यास केला आणि धोट्याच्या अरुंद मागांवर विणलेले, दोन्ही कडांना पक्की किनार असलेले कापड पुन्हा बाजारात आणले. अमेरिकन गिरण्यांनी टाकून दिलेले माग जपानने विकत घेतले, असे सांगण्यात येते. परंतु तेथील जुने माग प्रामुख्याने टोयोडा बनावटीचेच होत. अशा मागांवरील सूत किंचित असमान असल्याने विटतानाही ते सौम्य, उभ्या रेषांनी विटते. ही जीन्स न धुतलेली व गडद विकली जाते. तिची झीज गिऱ्हाइकाने स्वतः करावयाची असते. काही हौशी लोक ती महिनोन्‌महिने धुवत नाहीत. दरम्यान अमेरिकेत उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथील व्हाइट ओक ही १९०५ मध्ये सुरू झालेली प्रख्यात डेनिम गिरणी २०१७ च्या अखेरीस बंद पडली.

या छंदामुळे पश्चिम अमेरिकेतील सोडून दिलेल्या खाणींतून जुन्या विजारी शोधून काढणारे लोक निर्माण झाले. १८८० च्या दशकातील, खाणीत सापडलेली अशी एक लेव्हायची जीन्स ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातील ॲझ्टेक येथे लिलावात ७६,००० डॉलरना विकली गेली. खाणकामगार काळोखात मेणबत्त्या वापरीत. त्यांच्या मेणाचे थेंब तिच्या कापडावर तसेच आहेत. खिशाच्या आतील पट्टीवर ही विजार केवळ गोऱ्या कामगारांनी बनविली असल्याची ग्वाही छापलेली आहे. चिनी मजुरांच्या प्रवेशाला बंदी करणारा कायदा अमेरिकेत १८८२ मध्ये झाला होता. पुढील दशकात कंपनीने हा मजकूर काढून टाकला.